जैनू मास्टरांचा समुद्र

जैनू मास्टरांना पोहता येत नव्हतं. मासे खायला आवडायचे, पण बाजारातून आणलेली पिशवी हातात धरायची म्हटली की तोंड वाकडं व्हायचं. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिला होता, आणि दोन्ही वेळा, त्यांच्याच शब्दांत, "लांबून बघितला, बरा वाटला, परत आलो." अशा माणसाने वयाच्या सहासष्टाव्या वर्षी एकेक चौकोन रंगवून सहा पातळ्यांचा समुद्र तयार केला आणि प्लायवूडच्या एका खोक्यात बसवून निजामपुऱ्यातल्या आपल्या तळमजल्याच्या खोलीत ठेवला. तो एक व्हिडिओ गेम होता. भिवंडीत तो चार माणसांनी पाहिला असेल, आणि खेळणारे त्याहून कमी. मास्टर गेले त्याला आता दीड वर्ष झालं, पण "तू काय बनवतोस" असं कुणी विचारलं की मला आधी तो गेम आठवतो आणि मग नोकरी.

मी तेव्हा कामतघरच्या एका डिझाईनच्या दुकानात कॉम्प्युटरवर साड्यांचे काठ बनवायचो. राहायला टेमघरला. मी येण्याआधी दुकानातलं हे काम मास्टर हाताने करायचे. मोठ्या ग्राफ पेपरवर पोस्टर कलरने एकेक चौकोन भरायचा. एक चौकोन म्हणजे एक तार. लूमवाले धाग्याला तारच म्हणतात. मोराच्या एका मानेला त्यांना दोन दिवस लागायचे आणि मला पंचवीस मिनिटं. शेठ फार गोड माणूस. त्यांनी मास्टरांना काढलं वगैरे नाही, नुसतं म्हणाले, "मास्टरजी, अब आप आराम करो. आते रहो, चाय पिते रहो." मास्टरांनी ते शब्दशः घेतलं. ते रोज दहा वाजता यायचे, माझ्यामागे स्टुलावर बसायचे आणि चहा प्यायचे. मला पहिले सहा महिने मानेवर सारखं कुणीतरी फुंकर घालतंय असं वाटायचं. त्यांची जागा मी खाल्ली हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही, आणि त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

बोलायचे ते माझ्या चुकांवर. ग्राफवर एकच रंग सलग फार चौकोन पुढे गेला, की कापडावर तिथे धागा सुटा राहतो, लोंबतो. म्हणून मध्येच एखादा ठिपका देऊन तो बांधून घ्यायचा असतो. मी हा ठिपका हमखास विसरायचो. मागून शांतपणे आवाज यायचा, "बांगडीत अडकेल." म्हणजे ती साडी नेसणाऱ्या बाईच्या बांगडीत तो सुटा धागा अडकून ओढला जाईल. हळूहळू माझ्या लक्षात आलं की हा मास्टरांचा सगळ्या जगावरचा शेरा आहे. गल्लीत कुणी ढिसाळ भाषण ठोकलं, की "बांगडीत अडकेल." रिक्षावाल्याने अर्धवट वळण घेतलं, की "बांगडीत अडकेल." माझं लग्न ठरलं तेव्हा मी मुलीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो नीट पाहिला आणि म्हणाले, "मुलगी चांगली हाय. तू जरा ठिपके दे मधेमधे." हा सल्ला मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळला.

दुसरी सवय ब्रश चाटायची. टोक बारीक व्हावं म्हणून रंगात बुडवलेला ब्रश ते ओठांवर फिरवून घ्यायचे. त्यामुळे ते आज काय रंगवून आले ते ओठांवरून कळायचं. हिरवे ओठ म्हणजे वेल, पिवळे म्हणजे बुट्टी. काम सुटल्यावर काही महिने त्यांचे ओठ नुसते ओठांच्या रंगाचे होते. मला ते बघवायचं नाही.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी स्क्रीनवर माशांचा कसलासा गेम खेळत होतो. मास्टर मागून बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "हे मासे छापलेत. काढलेले न्हाईत."

"गेम आहे मास्टर, असेच असतात."

"मोठे कर जरा."

मी झूम केलं. मासा फुटून त्याचे चौकोन झाले. मास्टर स्टुलावरून उठून स्क्रीनला नाक लागेल इतके जवळ आले. "अरे, हा तर ग्राफ हाय!" ते म्हणाले, आणि त्या दिवशी चहा न पिता घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले ते निळे ओठ घेऊन. हातात पापलेट होतं. ग्राफवरचं, वीतभर, अंगावर पैठणीच्या काठासारखी नक्षी आणि चेहऱ्यावर लग्नात रुसलेल्या आत्याचा भाव. आणि पोटावर बरोबर ठरलेल्या अंतरावर बांधणीचे ठिपके.

"मास्टर, स्क्रीनवर धागा नसतो. सुटणार काय?"

"तुला न्हाय दिसत," ते म्हणाले. "मला दिसतं."

इथे त्यांच्या घराबद्दल सांगायला हवं. निजामपुऱ्यातलं दोन मजली घर. खाली मास्टर एकटे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. वर त्यांचा मोठा भाऊ कासमचाचा आणि त्याची बायको रुकय्याचाची. मागच्या शेडमध्ये दोघा भावांचे आठ लूम होते. तरुणपणी नव्या बीमची भरणी हे दोघंच करायचे. भरणी म्हणजे बीमवरच्या, ताण्याच्या रुळावरच्या, हजारो तारा एकेक करून लूममध्ये ओवून घ्यायच्या. एक जण मागे बसून तार पुढे करतो, दुसरा पुढे बसून आकड्याने ती ओढून घेतो. मध्ये ताणलेल्या दोऱ्यांची दाट भिंत असते, एकमेकांचं तोंड दिसत नाही. मागे कासम, पुढे जैनू. एक तार जरी मागेपुढे झाली, तरी सगळ्या कापडभर चूक धावते. पुढचा म्हणायचा, "तार दे." मागचा तार द्यायचा आणि दिली हे कळावं म्हणून लाकडावर नखाने टक् करायचा. दिवसभर एवढंच बोलणं. "पण पोट भरायचं," मास्टर म्हणायचे, "बोलून भरतं तसं."

आणि मी त्यांना भेटलो तेव्हा दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. लूम वर्षभर बंद पडले होते, शेडचं छप्पर गळत होतं. मास्टर भाचीच्या लग्नाला कोकणात गेले असताना भंगारवाला ट्रक घेऊन आला, आणि कासमचाचा त्याला म्हणाला, "शेडमधलं सगळं ने." त्या सगळ्यात मास्टरांची पत्र्याची पेटीही होती. चाळीस वर्षांचे ग्राफ. मास्टर परत आले, रिकाम्या शेडमध्ये उभे राहिले, आणि भावाला म्हणाले, "तू माझे हात विकलेस." ते शेवटचं. कासमचाचा त्यानंतर तीन दिवस रद्दीवाल्यांच्या दारांत फिरला, एक कागद हाती लागला नाही. पण हे त्याने खाली कधी सांगितलं नाही. मला चाचीकडून कळलं. दोन वेळचा डबा चाचीच खाली आणायची. "एकाच मातीचे हायेत दोघं," ती म्हणायची. "वरचा इचारतो, जेवला का. खालचा इचारतो, खोकला कसा हाय. मी काय टपाल हाय?"

तर गेम. मला गेम बनवता येत नव्हता; रोज दोन घास खाता खाता मोबाईलवर शिकवणीचे व्हिडिओ बघून मी शिकलो. मास्टरांकडे मात्र सगळं तयार होतं. समुद्राच्या तळाशी एक पाणबुड्या, कमरेला तार. वर होडीत दुसरा माणूस, हातात तारेचं रीळ. खाली प्रवाळाला भोकं, त्यांतून ती तार ठरलेल्या क्रमाने ओवत जायचं. वरच्याने तार जास्त सोडली तर ती खेकड्यांत गुंतते. कमी सोडली तर पाणबुड्या उचलला जातो. खोकं मधोमध, दोन बाजूंना दोन जुने मॉनिटर, प्रत्येकापुढे चालवायला एक दांडा. वर बसणाऱ्याला फक्त होडी आणि तार दिसते, खालच्याला फक्त पाण्याखालचं. दोघांच्या मध्ये प्लायवूड. एकमेकांचं तोंड दिसत नाही.

मी म्हणालो, "मास्टर, हा एकट्याला खेळता येणार नाही."

"न्हायच येणार," ते म्हणाले.

ते कुणासाठी चाललंय हे मला त्याच क्षणी कळलं. त्यांनी नाव घेतलं नाही, मीही नाही.

दीड वर्ष आम्ही त्या समुद्रात होतो. मास्टर कापडाच्या कडांच्या कापलेल्या पट्ट्या आणायचे, त्यांचं शेवाळ व्हायचं. सुताच्या गुंत्याचे जेलीफिश. रिकाम्या कांड्यांचे प्रवाळ. मी सगळं स्कॅन करायचो. प्रत्येक माशाला स्वभाव होता. बोंबील शेठसारखा होता: फार गोड, आणि हळूच तार कुरतडणारा. "शेठला सांगू नको," मास्टर मला बजावायचे, आणि शेठ आले की स्वतःच बोंबलाकडे बघून हसायचे. पातळी पार झाली की काय वाजवायचं यावर तर आमचं भांडणच झालं. मी छानपैकी घंटी लावली होती. त्यांना लूम हवा होता. शेजारच्या कारखान्यातला आवाज मी मोबाईलवर भरून आणला, हेडफोनवर ऐकवला. त्यांनी मान हलवली. "आमचा तीन नंबरचा लूम असा न्हवता. तो चौथ्या ठोक्याला लंगडायचा." मग आम्ही बसून प्रत्येक चौथा ठोका किंचित उशिरा केला. अकराव्या प्रयत्नाला त्यांनी डोळे मिटले आणि हेडफोन काढायचा विसरले. मी तो बराच वेळ मागितला नाही.

पाच पातळ्या झाल्यावर मशीन खोलीत बसलं, दोन बाजूंना दोन स्टुलं आली. चाचीबरोबर वर निरोप गेला: मशीन तयार हाय. वरून निरोप आला: मला गेम-बिम येत न्हाय. मास्टर म्हणाले, "बरं." एवढंच. पण त्या दिवशीचा डबा तसाच परत गेला.

मग ते एकटेच खेळायला लागले. वरच्या, म्हणजे होडीच्या, बाजूला जाऊन थोडी तार सोडायची, धावत फेरी मारून खाली यायचं, पाणबुड्याला दोन पावलं चालवायचं, पुन्हा फेरी मारून वर. तोवर बोंबलाने कार्यक्रम आटोपलेला असायचा. सहासष्ट वर्षांचा माणूस लुंगी आवरत खोक्याभोवती पळतोय हे बघून मी पहिल्या दिवशी पोट धरून हसलो. नंतर हसू आलं नाही. अधूनमधून मी वर बसायचो, पण मीच बनवलेल्या गेमची पहिली पातळी आमच्याने कधी पार झाली नाही. "तू घाई करतोस," ते म्हणायचे. "तार देणारा माणूस थांबणारा पाहिजे."

शेवटी मला राहवलं नाही. मी गुपचूप वरच्या बाजूला कॉम्प्युटरच खेळेल असं करून ठेवलं. बरोबर हिशेबाने तार सोडणारा, कधी न चुकणारा. मास्टर खाली बसले. सहा भोकांतून तार झरझर ओवली गेली, आणि त्यांनी दांडा सोडून दिला.

"वर कोण बसलंय?"

"कुणी नाही. मशीन देतंय. आता तुम्ही एकटे खेळू शकता."

रागावतील असं मला वाटलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "दिनेश, माझं काम मशीनने घेतलं, ठीक हाय. त्याचं नको देऊस." मी ते त्याच दिवशी काढून टाकलं. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

सहाव्या पातळीचा समुद्र ते घेऊन आले तेव्हा त्यांचे ओठ लाल होते. मी आधी ओठ पाहिले आणि मग कागद. समुद्र डाळिंबी होता, आणि चाळीस वर्षांत ज्यांचा रंग चौकोनाच्या रेघेबाहेर गेला नाही त्यांचा रंग रेघा ओलांडून सैरभैर पसरला होता. एकही ठिपका जागेवर नव्हता. "निळा कसा जमलाय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, छान जमलाय. तो डाळिंबी समुद्र मी तसाच गेममध्ये ठेवला, अजून आहे.

डॉक्टरने सांगितलं, नजरेचा मधला भाग चाललाय, तो परत येणार नाही. मास्टर मला सांगताना हसले. "काठ दिसतो रे. साडी दिसत न्हाय." मग हसू थांबलं. "एकदा तरी त्याच्याबरोबर खेळायचं होतं. डोळे हायेत तोवर."

"मी वर जाऊन सांगतो चाचांना."

"न्हाय." त्यांनी माझं मनगट पकडलं. "डोळ्याचं वर सांगायचं न्हाय. चाचीला पण न्हाय. दया म्हणून आलेला माणूस तार नीट देत न्हाय." मी शब्द दिला आणि पाळला. पाळायला नको होता असं मला त्या महिन्यांत कितीदा तरी वाटलं. ते भिंतीला हात लावत दारापर्यंत यायचे आणि चाचीची चाहूल लागली की सरळ उभे राहायचे. डब्यातली आमटी त्यांच्या सदऱ्यावर सांडलेली असायची. खोक्याभोवती पळणं बंद झालं होतं. ते नुसते खालच्या बाजूच्या स्टुलावर बसून राहायचे, समोर पडदा चालू, पाणबुड्या तळाशी उभा आणि वर तार सोडायला कुणी नाही.

दुकान सुरतेला हलणार होतं आणि मलाही जायचं होतं. निघण्याआधीच्या शुक्रवारी दुपारी मी मशीनच्या होडीकडच्या बाजूचा सैल झालेला दांडा बदलायला गेलो. शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी त्या घरात पेल्यातलं पाणीसुद्धा थरथरतं. त्या दिवशी गल्लीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी दांडा बसवला, पेचकस पिशवीत टाकला, आणि बाहेरच्या जिन्यावर पावलं वाजली. चाचीची नव्हेत. जड, थांबत येणारी.

कासमचाचा दारात उभा राहिला. सत्तर पार केलेला, खांद्यात वाकलेला माणूस. मास्टर खोक्यापलीकडे होते. त्याला ते दिसत नव्हते. तो माझ्याकडे बघून, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "पावलं वाजत न्हाईत हल्ली. रोज वाजायची, गोल गोल. दोन आठवडे झाले." मग त्याने स्टूल ओढलं आणि होडीच्या बाजूला बसला. मी त्याच्या हाताखाली दांडा दाखवला: इकडे केला की तार सुटते, तिकडे केला की थांबते. आणि मी भिंतीशी जाऊन बसलो. तिथून मला दोन्ही बाजू दिसत होत्या.

पहिला डाव लगेच संपला. मास्टरांनी पाणबुड्या सरळ खडकावर नेला. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्या डावात कासमचाचा होडीकडे न बघता नुसता तारेकडे बघायला लागला. त्याला पाणबुड्या दिसत नव्हता, खडक दिसत नव्हता. दिसत होती फक्त तार, कुठे ढिली पडते, कुठे उगाच ताणते. वर्षानुवर्षं पलीकडच्या हाताला तारेवरून ओळखलेला माणूस तो. त्याने दांड्यावरचा हात काढला. मी त्याचा चेहरा पाहिला. खालच्याला दिसत नाही हे त्याला समजलं होतं. मी शब्द मोडला नव्हता, आणि मला एकदम रडू आलं.

मग त्याने अगदी सावकाश, थोडीशी तार सोडली, आणि प्लायवूडवर नखाने टक् केलं.

पलीकडे मास्टरांची मान वर झाली. पाणबुड्या दोन पावलं चालला आणि थांबला. तार ताणली. कासमचाचाने वाट बघितली, मग सोडली. टक्. पाणबुड्या पुन्हा चालला. तार ताणली की खालचा कुठे अडलाय ते वरच्याला कळत होतं. टक् झालं की वरचा तयार आहे ते खालच्याला. मास्टरांनी डोळे मिटून घेतले होते. पाच भोकं, आठ भोकं. दोनदा बोंबील आला, आणि दोनदा कासमचाचाने नुसतं थांबून त्याला जाऊ दिलं. मला कधी जमलं नव्हतं ते हेच थांबणं. शेवटच्या भोकातून तार ओवली गेली आणि पहिली पातळी पार झाली.

त्या बंद, चिडीचूप गल्लीत खोक्यातून लूम सुरू झाला. खटक, खटक, खटक, आणि चौथा ठोका लंगडत.

कासमचाचा तसाच बसून ऐकत होता. मग तो प्लायवूडला म्हणाला, "तीन नंबर?"

पलीकडे मास्टरांचा हात खोक्यावर पुढच्या पातळीचं बटण चाचपडत होता. ते कुठे आहे मला ठाऊक होतं, मीच बसवलं होतं. मी जागचा हललो नाही. त्यांना ते सापडलं. पडद्यावर दुसरा समुद्र उघडला.

"तार दे," मास्टर म्हणाले.